सायकल त्यांची, डोळे दुसऱ्याचे



तुमच्या फॅमिली ग्रुपवर असा मेसेज कधी ना कधी आलाच असेल. अमेरिकेतला भाचा किंवा लंडनमधली चुलतबहीण लिहिते, ‘मी अमुक संस्थेसाठी तीनशे किलोमीटर सायकल चालवणार आहे. प्लीज सपोर्ट करा.’ खाली एक लिंक. त्याखाली मावशीचे जोडलेले हात, काकांचा अंगठा आणि मग एकदम शांतता.

त्या शांततेत बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न फिरत असतो. सायकल तू चालवणार, मग पैसे आम्ही का द्यायचे? आणि तू पाय मारल्याने कुणाचा आजार कसा बरा होणार?

प्रश्न वाटतो तितका कुचकट नाही. खरं तर तो विचारायलाच हवा. फक्त तोंडावर विचारायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून आपण एक तर गुपचूप पाचशे रुपये पाठवतो किंवा गुपचूप ग्रुप म्यूट करतो. आज आपण त्याचं उत्तर नीट शोधू या. त्यासाठी नाशिकच्या दोन डॉक्टर भावांबरोबर सायकलवरून अख्खी अमेरिका ओलांडावी लागेल. काळजी नको, पाय त्यांचेच दुखणार आहेत!

४,८०० किलोमीटर म्हणजे नक्की किती?

‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही जगातल्या सगळ्यात खडतर सायकल शर्यतींपैकी एक. सायकलवाले तिला लाडाने ‘रॅम’ म्हणतात. १९८२ मध्ये फक्त चार जण या वेडासाठी निघाले होते आणि त्यातला लॉन हॅल्डमन दहा दिवसांच्या आत देश ओलांडून पहिला आला. पुढे शर्यत दरवर्षी होऊ लागली. पॅसिफिक महासागराच्या काठावरचं ओशनसाइड हे गाव ते पूर्वेकडचं अ‍ॅनापोलिस, असा तिचा मार्ग बरीच वर्षं होता. बारा राज्यं आणि सुमारे ४,८०० किलोमीटर.

आकडा नुसता वाचला की कळत नाही. म्हणून घरचं माप लावते. मी राहते ते जयलक्ष्मीपुरम म्हैसूरमध्ये आहे. इथून बेंगळुरू, तिथून पुणे आणि पुण्याहून नाशिक असा रस्ता धरला तर साधारण १,२०० किलोमीटर होतात. म्हणजे म्हैसूर ते नाशिक दोनदा जा आणि दोनदा परत या. तेही सायकलवर.

आता चढ. आमची चामुंडी टेकडी शहरापासून जेमतेम तीनशे मीटर उंच आहे. रविवारी सकाळी सायकलवर ती चढणारे लोक वर पोहोचल्यावर फोटो काढल्याशिवाय खाली येत नाहीत आणि त्यात काही गैर नाही, कारण दम लागतोच. रॅमच्या रस्त्यावरचे सगळे चढ एकत्र केले तर ते ५०,००० मीटरच्या पुढे जातात. म्हणजे चामुंडी टेकडी जवळपास पावणेदोनशे वेळा चढण्यासारखं!

हवा तर रोज वेगळी. सुरुवातीला वाळवंट, जिथे जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मग कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड, उंची ३,३०० मीटरच्या आसपास, श्वास अपुरा पडावा अशी. मग कॅन्ससचं सपाट माळरान. तिथे चढ नाही म्हणून हायसं वाटतं न वाटतं तोच समोरून किंवा बाजूने वारा सुटतो. आणि सगळ्यात शेवटी, पाय संपलेले असताना, अ‍ॅपलाशियन डोंगरांतले छोटे पण उभे चढ.

या सगळ्यावर एक नियम. घड्याळ थांबत नाही. सायकलींच्या इतर मोठ्या शर्यतींत संध्याकाळी सगळे हॉटेलात जातात आणि सकाळी पुन्हा निघतात. इथे तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच राहतं. एकट्याने उतरणाऱ्याला बारा दिवस मिळतात, संघाला नऊ. त्यानंतर पोहोचलात तर शर्यत पूर्ण केल्याच्या यादीत तुमचं नाव नसतं.

भूलतज्ज्ञ आणि दंतवैद्य

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ दोघांच्या संघात या शर्यतीत उतरले. हितेंद्र भूलतज्ज्ञ, महेंद्र दंतवैद्य. दोघेही चाळिशीच्या आसपासचे, दवाखाना सांभाळून सायकल चालवणारे.

त्यांनी शर्यत पूर्ण केली ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. रॅम पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. त्याआधी एकाही भारतीयाला ही शर्यत वेळेत संपवता आली नव्हती.

या वेळेचा जरा हिशेब करू. नऊ दिवस म्हणजे २१६ तास. त्यांनी घेतले जवळपास २०७. म्हणजे हाताशी उरले फक्त नऊ तास. साडेआठ दिवसांत, झोपणं, खाणं, पंक्चर, रस्ता चुकणं, सायकलीची अदलाबदल हे सगळं धरून, त्यांचा सरासरी वेग पडला ताशी २३ किलोमीटरच्या वर. आपण बाजारात जाताना सायकल चालवतो ती ताशी बारा-पंधराने. तीही भाजीची पिशवी अडकवण्याआधी.

दोघांच्या संघात एक जण रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. मग अदलाबदल. अंतर निम्मं-निम्मं धरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज साधारण २८० किलोमीटर येतात. पुण्याहून निघून नाशिक गाठायचं आणि तिथे न थांबता आणखी सत्तर किलोमीटर पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि ‘विश्रांती’ म्हणजे काय, तर धावत्या गाडीत, घामाच्या कपड्यांत, मिळेल तेवढा डोळा लावणं.

या संघाचं नाव होतं ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासी भागातल्या लोकांच्या डोळ्यांवर उपचार व्हावेत, त्यासाठी मदत गोळा व्हावी म्हणून ही राइड होती.

इथे एक गंमत लक्षात घ्या. दोघांपैकी एकही नेत्रतज्ज्ञ नाही. एक भूल देतो, दुसरा दात बघतो. मग डोळेच का?

वीस मिनिटांचं ऑपरेशन, ९० किलोमीटरचा रस्ता

नाशिक म्हटलं की आपल्याला गोदाकाठ, द्राक्षं आणि कुंभमेळा आठवतो. पण याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण असे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके आहेत. सुरगाणा नाशिक शहरापासून सुमारे ९० किलोमीटर. पाडा त्याच्याही पुढे, डोंगरात.

भारतात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ होत जातं. थेंब टाकून ते पुन्हा स्वच्छ होत नाही, ऑपरेशन करून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. ते ऑपरेशन सहसा पंधरा-वीस मिनिटांत होतं. आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि सरकारी दवाखान्यांत, शिबिरांत हे ऑपरेशन मोफतही होतं.

मग अडतं कुठे? अडतं रस्त्यात.

पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीची कल्पना करा. दिसेनासं झालंय हेच तिला आजार वाटत नाही, वय झालं असं वाटतं. कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न, नेणार कोण? तिला एकटीला बसमध्ये चढता येत नाही. मुलगा बरोबर गेला तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. तपासणीला एक दिवस, ऑपरेशनला एक दिवस, पुन्हा दाखवायला एक दिवस. शहरात राहायचं कुठे, जेवायचं काय? आणि डोळ्याला हत्यार लावणार या भीतीचं काय?

ऑपरेशन मोफत असलं तरी तिथपर्यंत पोहोचणं मोफत नसतं. म्हणून डॉक्टरांचं पथक पाड्याजवळ जाऊन तपासणी करतं, गाडीने पेशंटला नेतं, परत आणून सोडतं, चष्मा देतं, पुन्हा बघायला जातं. अशा कामाला पैसे लागतात ते मुख्यतः या जाण्यायेण्याला आणि माणसांना.

मला वाटतं, सेवाभावी सायकल राइडचं खरं माप इथे सापडतं. सायकलवाल्याने किती किलोमीटर तोडले हे त्याच्या घड्याळात दिसतं. पण त्या किलोमीटरांमुळे दुसऱ्या कुणाचं अंतर किती कमी झालं, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या ४,८०० किलोमीटरांनी सुरगाण्याचे ९० किलोमीटर थोडे जरी आखूड झाले, तर पाय मारल्याचं सार्थक झालं.

सायकलवर एक, मागे दहा

फोटोत आपल्याला हेल्मेट घातलेला एकच माणूस दिसतो. त्याच्या मागे काय चालतं ते फोटोत येत नाही.

रॅममध्ये प्रत्येक संघाबरोबर मदतनीसांचं पथक असतं. गाडी चालवणारे, रस्ता सांगणारे, सायकल दुरुस्त करणारे, जेवण-पाणी बघणारे, पायांना मालिश करणारे. रात्री सायकलस्वाराने पाठीमागच्या गाडीच्या उजेडातच चालवायचं असतं. म्हणजे तो ताशी वीस-पंचवीसने चालला की गाडीही त्याच वेगाने, त्याच्या मागे, रात्रभर. झोप न येऊ देता गाडी इतकी हळू चालवून बघा! शिवाय तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. मार्गावर पन्नासहून जास्त ठिकाणी संघाने आपली वेळ कळवायची असते. एखादं वळण चुकलं तर जिथे रस्ता सुटला तिथे परत येऊन मगच पुढे जायचं.

भूलतज्ज्ञाचं काम आठवा. दुसरा झोपलेला असताना त्याचा श्वास बघत जागं राहायचं. नाव मात्र सर्जनचं होतं. सायकलच्या मागे चालणाऱ्या पथकाचं कामही थोडंसं तसंच. म्हणून कुणी ‘मी राइड पूर्ण केली’ असं लिहिलं की त्यातल्या ‘मी’मध्ये किती माणसं बसली आहेत हे विचारून बघा. घरच्यांनाही त्यात धरा. सहा महिने पहाटे चार वाजता अलार्म वाजतो तेव्हा सायकल न चालवणाऱ्याचीही झोप मोडतेच.

आधी आणि नंतर

महाजन बंधूंच्या आधी २०१० मध्ये बेंगळुरूचे समीम रिझवी एकट्याने रॅममध्ये उतरले होते. शर्यत वेळेत पूर्ण झाली नाही. पण एखादा भारतीय तिथे जाऊन उभा राहू शकतो हे त्यांनी दाखवलं. नंतर येणाऱ्यांसाठी ही गोष्ट छोटी नसते.

मग २०१६ मध्ये नाशिकमध्येच असलेले लष्करातले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने उतरले आणि त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. ते २०१७ मध्ये परत गेले. या वेळी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोचले. एकट्याने रॅम पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग, अडीच तासांनी, नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. वेळ ११ दिवस २१ तास ११ मिनिटं. बारा दिवसांची मुदत संपायला तेव्हा तीन तासही उरले नव्हते.

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण राइड अर्धवट राहू शकते. उष्माघात होतो, मान धरते, गुडघा बोलतो, अपघात होतो. मग गोळा केलेल्या पैशांचं काय? उत्तर सोपं आहे. पैसे संस्थेला दिलेले असतात, ते संस्थेकडेच राहतात. सायकलस्वार अर्ध्यावर थांबला म्हणून पाड्यावरच्या आजीचं ऑपरेशन अर्ध्यावर थांबत नाही. चांगल्या राइडमध्ये हे आधीच स्पष्ट असतं, आणि असायलाच हवं.

‘तिकिटाचे पैसेच का नाही दिले?’

आता खरा बोचरा प्रश्न. परदेशात शर्यतीला जायचं म्हणजे विमानाची तिकिटं, सायकली, गाड्यांचं भाडं, पथकाचा खर्च. लाखांत जातं. ते सगळे पैसे सरळ डोळ्यांच्या दवाखान्याला दिले असते तर?

याचं प्रामाणिक उत्तर असं की काही वेळा तेच बरं झालं असतं. जिथे राइडचा खर्च जमलेल्या देणगीतून भागवला जातो, तिथे हा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे. माझी सहल आणि तुमची देणगी यांची सरमिसळ झाली की ‘सेवा’ हा शब्द गुळगुळीत होतो.

पण दोन हिशेब वेगळे ठेवता येतात. अमेरिकेतलंच एक उदाहरण बघा. १९८० मध्ये बिली स्टार नावाच्या तरुणाने ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची राइड सुरू केली. त्याची आई कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण मॅसॅच्युसेट्स राज्य ओलांडत समुद्रापर्यंत गेले आणि बोस्टनच्या डॅना-फार्बर या कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमा झाले. आज तिथे हजारो लोक सायकल चालवतात आणि आजवरची एकूण रक्कम १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. भाग घेणाऱ्याला ठरावीक रक्कम गोळा करण्याचं वचन द्यावं लागतं. तेवढी जमली नाही तर उरलेली त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. राइड भरवण्याचा खर्च प्रवेश फी आणि प्रायोजकांकडून निघतो, त्यामुळे सायकलस्वाराने गोळा केलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो. म्हणजे भाच्याला तुम्ही दिलेल्या पैशांतून त्याच्या टी-शर्टची छपाई होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी तिकिटाच्या पैशांनी झाली नसती. सुरगाण्याच्या पाड्यावर कुणाला दिसत नाही ही बातमी होत नाही. वर्षानुवर्षं तसंच असलं की त्यात ‘बातमी’ काय? पण दोन भारतीय भावांनी सायकलवर अमेरिका ओलांडली ही बातमी होते. आणि संघाचं नावच आदिवासींच्या दृष्टीवरून ठेवलेलं असलं की बातमी छापणाऱ्याला ते नाव छापावं लागतं, वाचणाऱ्याला वाचावं लागतं. ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याच्याकडे लोकांची मान वळवणं, एवढं काम सायकल नक्की करते.

हे आपल्याला नवीन आहे का?

‘चॅरिटी राइड’ हा शब्द परदेशी असला तरी त्यातली भावना आपल्या आजीला समजावून सांगावी लागणार नाही. लेकराच्या दुखण्यासाठी वणीच्या गडापर्यंत अनवाणी चालत जाणारी आई आपण पाहिली आहे. आषाढात चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्यांवर प्रत्येक पायरीला हळदीकुंकू लावत चढणाऱ्या बायका मी इथे दरवर्षी बघते. कुणी नवऱ्याच्या तब्येतीसाठी, कुणी नातवासाठी. शरीर आपलं कष्टवायचं आणि फळ दुसऱ्याला मागायचं, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. वारीत चालणाऱ्याला वाटेवरच्या गावांतली माणसं भाकरी-पाणी देतात, तेव्हा त्यांनाही चालण्याचं थोडं पुण्य मिळतं असं आपण मानतोच की! नाशिकचे सायकलवाले तर दरवर्षी पंढरपूरला सायकल वारीच घेऊन जातात.

फरक एकच. नवसाचा हिशेब आपला आणि देवाचा असतो, तो कुणाला दाखवावा लागत नाही. राइडचा हिशेब आपला आणि लोकांचा असतो. तो दाखवावाच लागतो. म्हणून अंतिम रेषा ओलांडून गळ्यात पदक पडलं की सायकलस्वाराचं शरीर मोकळं होतं, पण तो माणूस मोकळा होत नाही. किती जमले, कुणाला दिले, त्यातून काय झालं, हे सांगेपर्यंत त्याची राइड चालूच असते.

मेसेज आला तर काय बघायचं?

आता परत आपल्या फॅमिली ग्रुपकडे. पुढच्या वेळी अशी लिंक आली की म्यूट करण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रेमाने विचारा. खरं काम करणाऱ्याला असे प्रश्न आवडतात.

१. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? सायकल चालवणाऱ्याच्या स्वतःच्या की थेट संस्थेच्या? थेट संस्थेच्या असतील तर उत्तम. पावती मागा.

२. राइडचा खर्च कोण करतंय? ‘मी स्वतः’ किंवा ‘प्रायोजक’ हे उत्तर चांगलं. ‘जमलेल्यातूनच’ असं उत्तर आलं तर किती टक्के, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

३. नेमकं काम काय? ‘जनजागृती’ एवढंच सांगितलं तर पुढे विचारा. ‘अमुक तालुक्यात तपासणी शिबिरं, पेशंटला नेण्या-आणण्याची गाडी’ असं सांगता येत असेल तर समजा, त्या माणसाने संस्थेत जाऊन काम पाहिलं आहे.

४. परदेशातून पाठवायचे असतील तर? परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाला भारतातल्या संस्थेला देणगी द्यायची असेल तर त्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असावी लागते. आधी विचारून घेतलं की नंतर धावपळ होत नाही.

उत्तरं नीट मिळाली तर मनापासून द्या, जमेल तेवढं द्या. आणि पैसे द्यायला जमत नसतील तर तसं सांगा. जोडलेले हात पाठवून गप्प बसण्यापेक्षा ‘परत आलास की सगळं सांग’ एवढं लिहिलंत तरी सायकलवाल्याला रात्री तीन वाजताच्या चढावर ते आठवेल.

आणि स्वतः अशी राइड करायचा विचार करताय? मग लगेच अमेरिकेचा नकाशा उघडू नका. आपल्याकडे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या वेळ लावून चालवायच्या ब्रेव्हे राइड होतात. दोनशेला साडेतेरा तास मिळतात. तिथून सुरुवात करा. संस्था मात्र सायकल घेण्याआधी निवडा. एक दिवस त्यांच्याबरोबर गावात जाऊन या. कुणासाठी चालवतोय तो चेहरा माहीत असला की लोकांकडे पैसे मागताना जीभ अडखळत नाही.

एक राइड आजच

जाता जाता एक छोटं काम देते. त्यासाठी सायकल लागत नाही, पासपोर्ट तर अजिबात नाही.

घरातल्या आजी-आजोबांना आज विचारा. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरट, झगझगीत दिसतात का? चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय का? रंग फिके वाटतात का? शिवणकामाला, पेपर वाचायला पूर्वीपेक्षा जास्त उजेड लागतो का? उत्तर ‘हो’ असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा सल्ला जुना झाला. आता पिकायची वाट बघावी लागत नाही. कधी करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मग हेच प्रश्न घरी काम करायला येणाऱ्या मावशींना त्यांच्या आईबद्दल विचारा. सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारा. कदाचित त्यांच्याही घरात कुणीतरी ‘वय झालं’ म्हणून भिंतीला हात लावत चालत असेल. दवाखाना कदाचित चार किलोमीटरवरच असेल, मोफतही असेल. फक्त बरोबर जाणारं कुणी नसेल.

ते चार किलोमीटर तुम्ही रिक्षाने जाऊ शकता. मागच्या सीटवर तुमच्या शेजारी बसलेली व्यक्ती परत येताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत येईल.

जाऊन आलात की मला नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात!